लंका, कडबा आणि शाळेची बस : माणदेशाने पडद्यावर पाहिलेली आग

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला. येताना त्याने टीव्हीला जोडायचं एक छोटं यंत्र आणलं आणि 'द लॉस्ट बस' नावाचा इंग्रजी सिनेमा लावून दिला. आमच्या घरात सिनेमा एकट्याने पाहायची पद्धत नाही. अब्बा, अम्मी, बायको, मुलं, शेजारच्या मावशी आणि त्यांच्या दोन सुना अशी दहा-बारा माणसं जमली. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. मी मधूनमधून अर्थ सांगत होतो, पण थोड्या वेळाने माझं कुणी ऐकेना. पडद्यावर डोंगर पेटला होता आणि एक शाळेची पिवळी बस धुरातून वाट काढत होती. ते समजायला माझी गरज उरली नव्हती.

सिनेमा खऱ्या घटनेवर आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात पॅराडाइज नावाच्या डोंगरी गावाला वणव्याने वेढलं. सव्वीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव काही तासांत राख झालं. ८५ माणसं गेली, अठरा हजारांहून अधिक घरं-इमारती जळाल्या. त्या दिवशी केविन मॅके नावाच्या बस ड्रायव्हरने शाळेत अडकलेली २२ मुलं बसमध्ये घेतली आणि कित्येक तास आगीतून गाडी काढत त्यांना सुखरूप पोहोचवलं. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास यांनी २०२५ मध्ये त्यावर सिनेमा केला. ड्रायव्हर झालाय मॅथ्यू मॅकॉनहे आणि मुलांसोबतची शिक्षिका मेरी लुडविग झालीय अमेरिका फेरेरा. प्रत्यक्षात बसमध्ये दोन शिक्षिका होत्या, सिनेमात एकच दिसते. मी स्वतः मास्तर असल्यामुळे ही गोष्ट मला जरा लागली.

पण मला आज सिनेमाबद्दल कमी आणि तो बघणाऱ्यांबद्दल जास्त लिहायचंय.

मावशींचा पहिला प्रश्न आला, "आन् गुरं? गुरं सोडली का न्हाई कुणी?" सिनेमात त्याचं उत्तर नव्हतं. पुढचा अर्धा तास त्या पडद्याच्या कडेकडेला काहीतरी शोधत होत्या, मला वाटतं गोठाच शोधत असाव्यात. अब्बांनी तीस वर्षं एसटी चालवलीय. ते माणसांकडे बघतच नव्हते. "गाडी बंद नको करू रे बाबा, परत सुरू व्हायची नाही," असं ते पडद्यावरच्या ड्रायव्हरला सांगत होते. त्यांचा उजवा पाय चटईवर दाबला जात होता. धुराने मुलं गुदमरायला लागली तेव्हा ड्रायव्हरने अंगातला कपडा फाडून, बाटलीतल्या थोड्याशा पाण्यात भिजवून, मुलांच्या नाकातोंडाला लावायला दिला. अम्मीने मान डोलावली. "बराबर कऱ्या," एवढंच म्हणाली.

खरा वाद निघाला तो ड्रायव्हरच्या घराचा. त्याचा स्वतःचा आजारी मुलगा आणि म्हातारी आई आगीच्या वाटेवर घरात आहेत आणि हा दुसऱ्यांची बावीस मुलं घ्यायला बस वळवतो. मावशींची धाकटी सून म्हणाली, "आदी आपलं लेकरू बघायचं." थोरली म्हणाली, "आपलं लेकरू कुनीतरी दुसऱ्यानं बघितलंच की." दोघींचं जमेना. भाच्याने सांगितलं की सिनेमातली ड्रायव्हरची आई आणि मुलगा हे त्या नटाचे खरोखरचे आई आणि मुलगा आहेत. तेव्हा दोघी गप्प झाल्या आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागल्या.

त्या रात्री झोप येईना. सिनेमाचा इतिहास लिहिणारे दिग्दर्शक लिहितात, नट लिहितात, गल्ला लिहितात. बघणारा काय म्हणाला हे कुणी लिहून ठेवत नाही. माझ्या दादीने, अब्बांनी, मी आणि आता माझ्या मुलांनी पडद्यावर आग पाहिलीय. दरवेळी आग तिथली होती आणि भीती इथली. त्याचीच ही थोडीशी नोंद.

पहिली आग लंकेची

भारतीय पडद्यावरची पहिली मोठी गाजलेली आग महाराष्ट्रात पेटली. दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' १९१७ साली आला. मुका चित्रपट. बायका सिनेमात काम करायला तयार नसत, म्हणून अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मारुतीने लंका पेटवली तेव्हा लोक थक्क झाले. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातलं काढून बसत आणि मद्रासेत या सिनेमाच्या गल्ल्याची नाणी पोती भरून बैलगाडीने न्यावी लागली, असं सिनेमाच्या इतिहासात सांगितलं जातं.

या प्रतिक्रियेत भीती कुठेच नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. लंका जळते तेव्हा प्रेक्षक आगीच्या बाजूने आहे. ती आग न्यायाची आहे आणि ती कुणाच्या घराला लागतेय हे विचारायचं कारण नाही, कारण घर रावणाचं आहे. आमच्या माण नदीचा उगम कुळकजाईजवळच्या सीतामाई डोंगरात होतो. नदीच्या उगमालाच सीतेचं नाव असलेल्या मुलखाला ही गोष्ट सांगावी लागत नव्हती. गावात हिंदू-मुसलमान सगळ्यांनाच ती तोंडपाठ. माझी दादी रोजे-नमाज सोडणारी नव्हती, पण मारुतीची शेपटी कशी लांब लांब होत गेली हे ती आम्हाला हातवारे करून सांगायची.

तंबूतला कडबा

सिनेमा आमच्याकडे आला तो तंबूतून. म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा, शिंगणापूरची चैत्री यात्रा, शेजारच्या खटावात पुसेगावची सेवागिरी महाराजांची, आटपाडीकडे खरसुंडीची. या यात्रा म्हणजे खिल्लार बैलांचे बाजार आणि त्याच्या कडेला तंबूचे सिनेमे. ट्रकमधून यंत्र यायचं, तंबू उभा राहायचा, अंधार पडला की पहिला खेळ. खुर्च्या नसायच्या. जमिनीवर बसायचं, मधे दोरी, एकीकडे बायका आणि एकीकडे पुरुष. यंत्रात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड केलेला. म्हणजे पडद्यावरच्या चित्रामागे खरोखरची आग जळत असायची. जुन्या काळी फिल्मही नायट्रेटची, इतकी ज्वालाग्राही की एकदा पेटली की पाण्यातही विझत नसे. १९५० नंतर ती मागे पडून सुरक्षित फिल्म आली. तरी कापडी तंबूत वाळूच्या बादल्या टांगलेल्या असत. अब्बा सांगतात, त्या बादल्यांत लोक पान खाऊन थुंकायचे.

दादीने 'मदर इंडिया' असा तंबूत पाहिला, म्हसवडच्या यात्रेत. सिनेमा मुंबईत ऑक्टोबर १९५७ मध्ये लागला होता. आमच्याकडे यायला पाच-सहा वर्षं लागली असतील. मेहबूब खानचा सिनेमा, नौशादचं संगीत, नर्गिस. दादी तिला 'आपली नर्गिस' म्हणायची. त्यात गावकरी गवताच्या गंजी पेटवतात, कारण बिरजू त्यांत लपलाय, आणि आई त्या जाळात त्याला शोधत धावते. हे चित्रण गुजरातमधल्या उमरा गावी चाललं होतं. १ मार्च १९५७ रोजी आग आवरेनाशी झाली आणि नर्गिस खरोखर आत अडकली. सिनेमात तिचा मुलगा झालेल्या सुनील दत्तने घोंगडी घेऊन जाळात उडी मारली आणि तिला बाहेर काढलं, स्वतः भाजला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दोघांचं लग्न झालं. सगळ्या हिंदुस्थानाने हा किस्सा चघळला.

दादीला हा किस्सा पुढे कुणीतरी सांगितला. तिला त्यात फारसं नवल वाटलं नाही. त्या प्रसंगाबद्दल ती मरेपर्यंत एकच गोष्ट सांगायची. गंजी पेटल्या तेव्हा बायकांच्या बाजूने एकदम ओरडा झाला. नर्गिससाठी नाही. "अगे मा, इत्ता कडबा!" तंबूभर तेच चाललं होतं, कुणी दखनीत, कुणी माणदेशीत. एवढा कडबा! समदा कडबा गेला!

शहरातल्या वाचकाला यात हसू येईल. माणमधल्या माणसाला येणार नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, आमच्या माणमध्ये पाचशेच्या आसपास, कित्येक वर्षी तेवढाही नाही. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांचं उरलंसुरलं आमच्या वाट्याला. इथे ज्वारीचं पीक दाण्याइतकंच ताटासाठी घेतात. शेकड्याने मोजून रचलेली कडब्याची गंजी म्हणजे पुढच्या पावसापर्यंतचं जनावरांचं आयुष्य. ती जळाली तर बैल बाजारात न्यायचा, तोही पडेल भावात. बैल गेला की पेरणी गेली, आणि मग माणूस मुंबईला. एका गंजीच्या जाळात एवढं सगळं दिसणारे ते प्रेक्षक होते. मेहबूब खानने आईचं दुःख दाखवलं होतं, आणि तंबूने त्यात आपलं दुष्काळाचं भय पाहिलं. मला वाटतं, मेहबूबला ते आवडलं असतं. तोही गावातून आलेला माणूस होता.

पुढे १९७२चा दुष्काळ पडला. दादी आणि दादा दोघेही खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. ज्या देशाचा वणवा बघून परवा आमचं घर हळहळलं, त्या देशाचं धान्य दादीने नाइलाजाने रांधलं होतं. तिला त्याची भाकरी कधीच थापता आली नाही म्हणे. दुष्काळी कामाच्या मजुरीला हक्काचं रूप देणारी रोजगार हमी योजना याच टापूतून उभी राहिली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तिचे जनक. आज देशभर ज्याला आपण रोजगार हमी म्हणतो, त्याचं मूळ आमच्या दुष्काळात आहे.

तंबूच्या प्रेक्षकांचे चेहरे कुणीच नोंदवले नाहीत असं मात्र नाही. छायाचित्रकार अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या यात्रांमध्ये रात्री सिनेमा बघणाऱ्या माणसांचे चेहरे टिपले. त्यांनी आणि शर्ली अब्राहम यांनी मिळून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात तो गौरवला गेला. फिरत्या सिनेमाचे शेवटचे दिवस त्यात आहेत. यंत्र दुरुस्त करणारे प्रकाश आहेत, गाडी घेऊन फिरणारे बापू आहेत आणि मोहम्मद आहेत. त्यांच्यासारख्या माणसांनी यात्रेच्या देवाला नमस्कार करणाऱ्या प्रेक्षकांसाठी रात्र रात्र यंत्र चालवलं. गावोगावच्या यात्रेत बांगड्या भरणारे मणेर, सुरीला धार लावणारे शिकलगार, अत्तर विकणारे आतार होते, तसेच सिनेमा दाखवणारेही होते. कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं.

शाळा, मुलं आणि आग

मी लहान असताना व्हिडिओ आला होता. भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणून गणपतीत किंवा उरुसात रात्रभर सिनेमे दाखवत. तिथे मी 'द बर्निंग ट्रेन' पाहिला. रवी चोप्रांचा हा सिनेमा १९८०चा. पहिल्यांदा तो फार चालला नव्हता, पण गावागावांत व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पाहिला गेला. दिल्लीहून मुंबईकडे निघालेली पेटती गाडी, थांबत नाही. त्यातही शाळेची मुलं आहेत आणि त्यांना घेऊन निघालेली शिक्षिका आहे, सिमी गरेवाल. मुलांच्या तोंडी एक प्रार्थना आहे. ती आजही कित्येक शाळांच्या परिपाठात म्हटली जाते. मी दोन्ही माध्यमांच्या मुलांना शिकवतो. उर्दूच्या वर्गातल्या मुलांना ती उर्दू वाटते, मराठीच्या वर्गातल्यांना हिंदी. कुणाचीच तक्रार नसते.

'द लॉस्ट बस' बघताना मला तो सिनेमा आठवला, आणि त्याहून जास्त आठवला तो आमचा स्वतःचा मास्तर. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपात आली. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर एक पोरगेला मास्तर येतो, मेंढरांच्या मागे जाणारी पोरं गोळा करून शाळा बसवतो. मग दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. १९९५ साली अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमा केला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. अमेरिकेतल्या वणव्यात मुलांची सुटका काही तासांत झाली किंवा झाली नसती. ड्रायव्हर आणि मास्तरीण यांच्या हातात स्टिअरिंग होतं, पाण्याची बाटली होती, काहीतरी करण्याजोगं होतं. दुष्काळात धूर दिसत नाही, भोंगा वाजत नाही. पोरं एकेक करून शाळेतून कमी होतात. बनगरवाडीच्या मास्तरला कुठली बस काढता येणार होती? ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेल्या मुलांची रिकामी जागा हजेरीपटावर बघताना मला हा प्रश्न अजून पडतो. तोडीचा हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर माझा वर्ग विरळ होतो. त्याला कुणी थरारपट म्हणणार नाही. पण मुलं वाचवायची गोष्ट तीच आहे.

तंबूत न आलेल्या आगी

आता जे लिहितोय ते लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला.

माडगूळकरांचीच दुसरी कादंबरी 'वावटळ', १९६४ची. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ही आग गावागावांतून फिरली. माडगूळलाही ती पोहोचली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. त्यांच्या 'मीठभाकर' या सिनेमाची फिल्म त्यात जळाली. भालजींनी कर्ज काढून तो सिनेमा पुन्हा केला. म्हणजे आमच्या भागात पडद्यावरची आग पाहिलेल्या लोकांनी एकदा सिनेमालाच आग लावली. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या जातीच्या सगळ्यांना जबाबदार धरलं गेलं. त्यात ज्यांची घरं गेली, त्यांतले कित्येक गावात पिढ्यान् पिढ्या सगळ्यांच्या अडीअडचणीला उभे राहिलेले होते.

ही आग आमच्या यात्रेच्या तंबूत कधी आली नाही. ती कादंबरीत राहिली आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात. दादी कधीतरी म्हणायची, "बामनाचा वाडा जलताना सगळ्यांनी बघितलं, पानी कोन लाया नई." तिने लोकांना दोष दिला नाही. स्वतःलाही वगळलं नाही. तीही बघणाऱ्यांत होती.

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या एका मजकुराचं निमित्त झालं. जमावाने मशिदीवर आणि मुसलमानांच्या दुकानांवर हल्ला केला, गाड्या पेटवल्या. एक तरुण मारला गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. त्या रात्री आमच्या गावात काहीच झालं नाही. तरी आम्ही सगळे जागे होतो. समोरच्या आळीतले दोन जण, त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी, आमच्या ओट्यावर येऊन बसले. काही बोलले नाहीत. पहाटे चहा घेऊन गेले.

त्यानंतर आमच्या घरात पडद्यावर आग दिसली की कुणीतरी उठतं आणि दाराची कडी बघून येतं. परवाही बायको उठली. बस पेटत्या झाडांखालून जात होती तेव्हा. ती परत येऊन बसली, कुणी काही विचारलं नाही. मावशींनी मात्र तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सिनेमा संपेपर्यंत काढला नाही.

या दोन आगी एका मापाच्या नव्हेत, त्यांची तुलना करून कुणाचं दुःख लहान-मोठं ठरवायचं नाही. पण दोन्हींचं चालणं सारखं आहे. वारा असतो, वाळलेलं गवत असतं आणि आग ज्याच्या घराला लागते तो पहिल्या ठिणगीच्या आसपासही नसतो.

हूक

पॅराडाइजची ती पहिली ठिणगी कुठून आली, हे शोधून काढलं गेलं. विजेच्या एका जुन्या टॉवरवर तार धरून ठेवणारा लोखंडी हूक होता. जवळजवळ शंभर वर्षांचा. घासून घासून झिजला आणि तुटला. तार खाली आली. त्या वर्षी तिथे पाऊस लांबलेला, गवत कोरडं, वारा जोराचा. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीने २०२० साली न्यायालयात ८४ माणसांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला.

भाच्याने हे सांगितलं तेव्हा अब्बा म्हणाले, "मग वायरमनला आधी कुणी सांगितलं नव्हतं का?" हा प्रश्न आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी विचारतो. लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते, ऊस जातो, गंजी जाते. सातारा-सांगलीच्या पेपरात ही बातमी दर हंगामात असते. दहिवडीच्या बाजारात कुणाला कॅलिफोर्निया दाखवता येणार नाही, पण झिजलेला हूक लगेच कळेल.

वणवाही आमच्याकडे आपोआप लागत नाही. माळावरचं कुसळी गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं फुटतं, या समजुतीने फाल्गुनात कुणीतरी काडी लावतं. पूर्वी जळायला गवतच होतं. आता जाळाच्या वाटेत झाडं आहेत. २०१८ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातल्या टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. भांडवलीही वरच्या क्रमांकात होतं. गावागावांनी श्रमदानाने चर खणले, रोपं लावली. त्या कामात कोण कुठल्या आळीचा, हे खोऱ्याला माहीत नव्हतं. वन खात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायला सांगतात, म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच काढून टाकायचा, की आग तिथे येऊन थांबेल. लिंबाचे डहाळे घेऊन वणवा विझवायला धावण्यापेक्षा हे काम सोपं आहे. फक्त ते आग नसताना करावं लागतं, आणि ते बघायला कुणी येत नाही.

सुट्टी संपल्यावर मी सातवीच्या वर्गाला त्या बसची गोष्ट सांगितली. सिनेमा दाखवला नाही, फक्त सांगितली. मग विचारलं, आपल्या शाळेच्या मागचा डोंगर पेटला आणि दारात बस आली, तर सोबत काय घ्याल? एकच वस्तू.

सव्वीस मुलांनी कागदावर लिहून दिलं. नऊ जणांनी पाण्याची बाटली लिहिली. चौघांनी शेळी लिहिली, एकाने शेळीचं नावसुद्धा. दोन मुलींनी धाकटा भाऊ लिहिला, मी वस्तू म्हटलं होतं तरी. एकाने 'दप्तर' लिहून खोडलं होतं. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याचे आई-वडील पुढच्या आठवड्यात तोडीला निघणार होते, फक्त एवढंच लिहिलं होतं : "सर, बस परत कधी येणार?"

मी तो कागद परत दिला नाही. हजेरीपटात ठेवलाय.